मशीनला हात तुम्ही लावा

कॉम्प्युटर बिघडला की माणूस आधी त्याच्यावर ओरडतो. मग तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतो. मग कुणाला तरी बोलावतो. आमच्या ऑफिसात हे शेवटचं जमायचं नाही, कारण ज्यांना बोलवायचं ते जागचे हलत नसत.

मी भिलाईला स्टील प्लांटच्या एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागले तेव्हा छत्तीसगड राज्य व्हायचं होतं. पत्त्यात आम्ही मध्य प्रदेश लिहायचो. टाइपरायटर जाऊन टेबलांवर कॉम्प्युटर येण्याचे ते दिवस. प्रत्येकाला एक असा प्रकार नव्हता. आठ-दहा माणसांत एक, आणि तोही संध्याकाळी कापडी खोळ घालून झाकून ठेवायचा. या सगळ्या मशिनींचे साहेब एकच. मूळचे अमरावतीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच आणि किंचित पुढे झुकलेले. हिंदी बोलणारे त्यांना ‘जवाबसाहब’ म्हणत. आम्ही चार मराठी माणसं नुसतं ‘साहेब’ म्हणायचो. जवाबसाहब हे नाव चेष्टेत पडलं होतं, पण चुकीचं नव्हतं. ते दुरुस्ती करत नसत. उत्तर देत.

त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलं की ते दोन्ही हात पाठीमागे नेऊन खुर्चीच्या पाठीशी गुंफायचे, म्हणजे चुकूनसुद्धा ते कामी यायला नकोत. डोळे मिटून ऐकायचे. मग बोलायचे.

“साहेब, स्क्रीन काळी झाली.”

“मागची तार हातानं दाबून पाह्यली?”

“नाही.”

“मंग इकडं कावून आली? जा, दाबून ये.”

तार दाबून यायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम व्हायचं. नाही झालं, तर पुन्हा जाऊन सांगायचं आणि पुढचं उत्तर घेऊन यायचं. मी नवीन होते, घाईची होते, कामं एकाखाली एक लिहून एकेकावर रेघ मारत जाणारी होते. या येरझारांनी माझा जीव जायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, “साहेब, तुम्ही आलात तर एका मिनिटात होईल.”

“होईन ना,” ते म्हणाले. “पण मी हात लावला तर बिघाड मले समजते. तुले काय समजते? उद्या मी नसलो तं?”

मी गेले आणि सांगितलं तसं बंद पडलेल्या कीबोर्डाची पिन काढून, पुसून, परत लावली. कीबोर्ड चालू झाला, आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मला त्या मशीनची भीती वाटली नाही.

हा नियम सगळ्यांना सारखा होता. एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांचा कॉम्प्युटर सकाळीच बंद पडला. त्यांनी शिपाई पाठवला. शिपाई रिकामा परत आला. मग मॅनेजरसाहेबांनी स्वतः फोन लावला. त्यांच्या केबिनला काचा होत्या. आम्ही बघत होतो. बोलता बोलता मॅनेजरसाहेबांचा चेहरा लाल झाला, आणि मग फोनसकट ते आमच्या नजरेसमोरून खाली गेले. टेबलाखाली.

इकडे शेजारच्या खोलीत जवाबसाहब आपल्या खुर्चीत डोळे मिटून विचारत होते, “नीचे पहुँच गए, सर? अब प्लग को पकड़िए. हिलता है? ... हिलता है ना. तो दबाइए. और ज़ोर से. ... चालू? अच्छा, सर, उठते समय सिर सँभालिए.”

ही शेवटची सूचना जरा उशिरा पोचली असावी, कारण केबिनमधून टेबलाला काहीतरी आपटल्याचा आवाज आला. त्या वर्षी प्रमोशनमध्ये जवाबसाहबांचं नाव नव्हतं. त्यावर कुणीतरी टोमणा मारला तेव्हा ते इतकंच म्हणाले, “प्लग तं बसला का नाही?”

त्यांची कितीतरी उत्तरं मला अजून पाठ आहेत. फोनवर आपलं बोलणं पलीकडे नीट जात नसेल तर रिसीव्हर तळहातावर हळूच आपटायचा. आत कोळशाचे बारीक कण असतात, ते दाटून बसतात, मोकळे होतात. फोन मुका झाला तर रिसीव्हरमध्ये फुंकर मारायची; स्वतःची फुंकर कानात ऐकू आली तर तारेत जीव आहे, आली नाही तर तार तुटली. मशीनच्या आतल्या कार्डाच्या पितळी दातांवर काळेपणा आला तर शाळेतल्या मुलांच्या खोडरबराने पुसायचं. भिलाईत हे फार लागायचं. आमच्याकडची धूळच निराळी, लोखंडाची. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि मशीनच्या पोटात, सगळीकडे तांबूस थर.

आणि कूलर. मे महिन्यात आमच्या ऑफिसाने ठरवलं की कॉम्प्युटर तापतो, सबब वाळ्याचा कूलर त्याच्या तोंडासमोर ठेवावा. आपल्याला गार वाटतं तर त्यालाही वाटेल, असा साधा हिशेब. माणसं घामाने भिजलेली आणि मशीन वाळ्याच्या वासात गारव्याला. पंधरवड्यात त्याच्या आतले स्क्रू गंजले. बातमी कळल्यावर साहेब एखाद्या तक्रारीसाठी पहिल्यांदा आणि शेवटचं खुर्चीतून उठून आमच्या दारापर्यंत आले. आत नाही आले. दारातून कूलरकडे बघत म्हणाले, “बाप्पा! त्याले रसना पण पाजून राहिले का?”

दुसऱ्या एका टेबलावर एक मिश्राजी होते. त्यांच्या फ्लॉपीतला मजकूर वरचेवर पुसला जायचा. फ्लॉपी बदलली, मशीन बदललं, मिश्राजींनी हनुमानाला नारळ फोडला. साहेबांनी विचारलं, “रखते कहाँ हैं?” मिश्राजी म्हणाले, पंख्याने उडू नये म्हणून टेलिफोनखाली दाबून ठेवतो. टेलिफोनच्या घंटीत चुंबक असतं. फोन खणखणला की मिश्राजींचं काम थोडं थोडं पुसलं जायचं. “मिश्राजी,” साहेब म्हणाले, “आपको जितने ज़्यादा लोग याद करते हैं, आपका उतना नुकसान होता है.” सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत.

ते राहायचे सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, एकटे. घरी प्लांटच्या एक्सचेंजचा, गावातल्या गावात चालणारा फोन होता. सुटीच्या दिवशीही लोक त्यांना विचारत. ते ‘हॅलो’ म्हणत नसत. रिसीव्हर उचलून म्हणत, “प्रश्न सांगा.” आणि उत्तर संपलं की ठेवून देत. एका दिवाळीत मी आमच्या फोनच्या खरखरीबद्दल विचारायला त्यांना फोन केला, आणि खरखर मिटल्यावर रीत म्हणून विचारलं, “बाकी कसे आहात, साहेब? फराळ झाला का?”

मग ते म्हणाले, “तो प्रश्न नाही,” आणि फोन ठेवला.

आईला मी हे सांगितलं. आईला राग आला नाही. तिने डबा भरला आणि मला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, आत जाऊन रिकामा करून धुऊन परत आणून दिला. दारातून दिसलं तेवढं मी पाहिलं. टेबल, एक खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर, आणि स्वयंपाकघरात गॅसवर एक छोटं पातेलं. इतकं आवरलेलं घर मी कधी पाहिलं नव्हतं. मला आवरलेलं घर आवडतं, पण तिथून निघताना पाय भराभर पडले.

बायको होती. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यावर कुणी बोलत नसे. त्या वर्ध्याला मुलींच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. लग्न झालं तेव्हा दोघांची नोकरी नुकतीच पक्की झाली होती. दोन-तीन वर्षांत कुणीतरी एकाने बदली घ्यायची असं ठरलं. पण प्लांट काही वर्ध्याला जाणार नव्हता आणि त्यांच्या संस्थेची शाळा एकच होती. मूलबाळ झालं नाही. आधी दर महिन्याला जाणं व्हायचं, मग सणावाराला, मग एखाद्या सणाला ड्युटी आली, पुढच्याला त्यांच्याकडे परीक्षा आल्या. एकदाच, कशावरून तरी विषय निघाला तेव्हा ते मला म्हणाले होते, “भांडण नाही झालं आमचं. लोकाईले वाटते भांडण झालं. भांडाले माणूस समोर लागते.”

मग वर्ध्याच्या त्या शाळेला कुणीतरी एक जुना कॉम्प्युटर दान दिला.

आमच्या ऑफिसात बाहेरगावी बोलता येईल असा फोन माझ्या टेबलावर होता. एका शनिवारी सकाळी तो वाजला. पलीकडे बाईंचा आवाज, एसटीडीवर सगळेच ओरडून बोलायचे तसा उंच. “साहेबांना द्या हो. वर्ध्याहून त्यांची मिसेस बोलते.”

मी निरोप पाठवला. जे साहेब मॅनेजरसाठी खुर्चीतून उठले नव्हते ते लगबगीने आले. आल्यावर मात्र रिसीव्हरकडे बघत उभे राहिले. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला आणि सवयीने म्हणाले, “प्रश्न सांगा.”

आवाज एवढा मोठा होता की मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. मी माझ्या कागदांवर मान घातली. उठून जायचं सुचलं नाही.

“अहो, मी बोलते.”

“हाव. बोल.”

“शाळेत कॉम्प्युटर आलाय. हेडबाई म्हणाल्या, तुझा नवरा त्यातलाच आहे, तूच बघ. तो चालतो आणि मध्येच बंद पडतो. काय करू?”

साहेबांनी टेबलाची कड धरली. “कुठं ठेवला?”

“ऑफिसातच. फोनच्या बाजूला.”

“बरं झालं. मंग आता एक कर. मागं जा. जाड तार दिसते? तिले हात लाव. भिऊ नको, मी आहो इथं.”

हा सूर आम्ही कधी ऐकला नव्हता. आम्हाला तार दाबायला सांगताना ‘मी आहो इथं’ असं ते म्हणत नसत.

त्या दिवशी बिघाड सापडला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा फोन आला. मग तो येतच राहिला. शनिवारी सकाळची शाळा, हेडबाई लवकर घरी जायच्या, फोन मोकळा असायचा. साहेब शनिवारी धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. फोनच्या वेळेआधी ते माझ्या टेबलाशी काहीतरी काम काढून उभे राहत. मिश्राजी मला डोळ्याने खुणावत आणि मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघे. बिघाड विचित्र होता. सकाळी मशीन बरं चालायचं आणि अचानक बंद पडायचं. त्यांनी तार बदलायला लावली, दुसऱ्या भिंतीतला सॉकेट घ्यायला लावला, मशीनचा डबा गरम होतो का ते पाहायला लावलं. बाई सगळं करत होत्या. मधे मधे दुसरंही बोलत. विहिरीचं पाणी खाली गेलंय. त्यांच्या मावशी वारल्या. स्वतःच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. साहेब ऐकून घेत आणि म्हणत, “हं. आता स्क्रीनवर काय दिसून राहिलं?”

एका शनिवारी बाई म्हणाल्या, “अहो, एकदा येऊन बघा ना.”

“यायची काय गरज आहे?” साहेब म्हणाले. “तू हात लावून सांगते ना बरोबर. आपण काढू शोधून.”

मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं. त्यांनी तिला सगळ्यात मोठी शाबासकी दिली होती, त्यांच्या दृष्टीने. पलीकडून बाई म्हणाल्या, “बरं,” आणि एवढ्या मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईंचा तो शब्द मला जेमतेम ऐकू आला.

त्यानंतरच्या शनिवारी बोलता बोलता बाई ओरडल्या, “गेलं! आत्ता गेलं बघा!”

“थांब,” साहेब म्हणाले. “बोलू नको. तो आवाज कशाचा आहे?”

“कुठला?”

“मागं. घुर्रघुर्र.”

“ती होय, मोटर आहे. शिपाई टाकी भरून राहिला.”

साहेबांनी टेबलावर थाप मारली. माझे टाचण्यांचे डबे उडाले. “मोटर! रोज टाकी कवा भरते? ... हाव ना! मोटर आन् मशीन एकाच लाइनीवर हाय. मोटर चालू झाली का व्होल्टेज पडते अन् हे बेशुद्ध होते. इलेक्ट्रिशियनले बोलाव, मशीनले वेगळी लाइन घे. सुटला प्रश्न! सुटला!”

सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं. साडेतीनशे किलोमीटरवरून, नुसत्या कानाने बिघाड पकडला होता. मिश्राजींनी सगळ्यांना चहा पाजला. साहेब चहा पीत असताना पहिल्यांदा दात दाखवून हसले.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही.

साहेब इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलाशी उभे होते. शाळा सुटायची वेळ उलटून गेली. त्यांनी रिसीव्हर उचलला, त्यात फुंकर मारली, कानाला लावून ऐकलं आणि ठेवला. फोन चांगला होता. त्याच्या पुढच्या शनिवारीही त्यांनी तेच केलं.

“चालू मशीनसाठी कोणी फोन नाही करत,” ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

मी घुटमळत बोलणारी नाही. मी म्हटलं, “साहेब, त्या ‘या’ म्हणाल्या होत्या.”

“ते मशीनसाठी.”

“आता मशीन चालू आहे. आता जाऊन पाहा.”

“काय सांगून जाऊ? काम काय आहे?”

“लाइन नीट घेतली की नाही ते बघायला आलो, असं सांगा.”

हे त्यांना पटलं. त्यांनी पुढच्या शनिवारची रजा टाकली. सोमवारी ते वेळेवर कामावर हजर होते. मी दुपारी डबा घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. विचारल्याशिवाय ते सांगणार नव्हते, म्हणून सरळ विचारलं.

“गेलो होतो,” ते म्हणाले. “लाइन बरोबर घेतली. मशीन साफ ठेवलं. पोरी कापड झाकून ठेवतात.”

“आणि?”

“मंग घरी गेलो तिच्या. खोली करून राहते. तिनं भाकर केली, वांग्याची भाजी केली. जेवलो.”

“काय बोललात?”

“विशेष काही नाही. प्रश्नच नव्हता काही.” ते थोडे थांबले. “एक ती म्हणे, हा वरचा पंखा आवाज करून राहिला, पाहता का? मी म्हटलं, पंखा माझ्या विषयातला नाही. मिस्तरीले बोलाव. मंग गाडीची वेळ झाली होती. निघालो.”

माझा घास हातात राहिला. मी वीस-बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, पण एवढं मलाही कळत होतं.

“साहेब, तुम्ही मिस्त्रीला बोलाव म्हणालात?”

“हाव. कावून? खोटं काय सांगितलं? मले पंख्याचं खरंच नाही येत.”

“पंखा मिस्त्रीकडून त्यांनी कधीच करून घेतला असता. वर्ध्यात मिस्त्री नाहीत का?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पाठीमागे नेले आणि डोळे मिटले, आमची तक्रार ऐकताना मिटायचे तसे. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“मंग काय म्हणायचं होतं मी?” त्यांनी विचारलं.

मशिनीबाहेरचा, उत्तर स्वतःला ठाऊक नसलेला प्रश्न त्यांनी तोवर कुणालाही मनापासून विचारला नव्हता.

“‘पाहतो’ म्हणायचं होतं, साहेब,” मी म्हटलं. “एवढंच. मग स्टुलावर चढून पाहत बसायचं. आज नाही सापडलं तर उद्या.”

ते उठले. माझ्या टेबलाशी गेले; मीही मागोमाग जाऊन माझ्या खुर्चीत बसले. खिशातून पाकीट काढून त्यातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून त्यांनी फोन लावला. वर्ध्याला शाळेच्या शिपायाने उचलला. मॅडम वर्गावर आहेत, तो ओरडून म्हणाला, काय निरोप देऊ?

“त्याईले म्हणा,” साहेब म्हणाले, “पंखा पाहतो म्हणून सांगितलं. मिस्तरीले बोलावू नका म्हणा.”

“बरं. कोण बोलून राहिले म्हणून सांगू?”

शिपाई दोनदा ‘हॅलो’ म्हणाला. मी खुर्ची मागे सारली आणि डबा धुवायला निघाले. दारापाशी मला ऐकू आलं, अगदी हळू, पलीकडे पोचलं असेल की नाही सांगता येत नाही असं.

“घरून,” साहेब म्हणाले. “घरून बोलून राहिलो.”